अकरा वाजताचा सालसा

अकराला दहा मिनिटं कमी असताना मी टोमॅटो चिरायला बसायचे आणि अकराला माझी ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची. नेट त्या घरात एकाच जागी धड यायचं, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत. त्यामुळं माझं ऑफिस आणि माझा ओटा एकाच चार फुटांत होते. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप, खाली पाटावर मी, समोर तीन टोमॅटो, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि अर्धं लिंबू. एका कानात पुण्याचा साहेब. दुसरा कान मोकळा ठेवायचा, कारण बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची पूजा चाललेली असायची आणि पूजा संपली की ताट समोर लागायचं. कांद्यानं डोळ्यांतून धार लागायची. एकदा चुकून कॅमेरा सुरू राहिला, तर टीममधल्या एका मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मॅम, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, कांदा चिरतेय. कांदा होता हे खरंच होतं, पण नुसता कांदाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही.

माझ्या सासूबाई माघात गेल्या. नवऱ्याचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाच्या अलीकडं. आम्ही दोघं धावत गेलो, सगळे विधी उरकले, पाहुणे पांगले, आणि मग त्या घरात सासरे एकटे राहिले. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. पुण्याला चला म्हटलं तर नको म्हणाले. नवऱ्याची कारखान्यात पाळी, त्याला सुट्टी मिळेना. माझं काम लॅपटॉपवरचं, विम्याची कागदपत्रं तपासायचं. म्हणजे घरच्यांच्या मते कुठंही बसून करता येण्यासारखं, म्हणजे फारसं कामच नव्हे. "एक महिना थांब," नवरा म्हणाला. "आप्पा जरा सावरले की ये." मी एका महिन्याचे कपडे घेऊन राहिले. पुढं आखाडात मला तालुक्याच्या गावाहून गाऊन आणि चपला विकत आणाव्या लागल्या, यावरून काय ते समजा.

आप्पांचं आणि माझं आधीचं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. सासरचे लिंगायत, मी मटण खाणाऱ्या घरातली. भांडण असं कुणी केलं नाही. लग्नाला सगळे आले, फक्त त्यांची पंगत वेगळी बसली. वर्षभरानं आप्पा आणि सासूबाई पहिल्यांदा आमच्या पुण्याच्या घरी आले, तेव्हा आप्पांनी बरोबर पितळी तांब्या आणला होता आणि फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. मी पाण्याचा पेला पुढं केला. "तहान न्हाय," म्हणाले. मे महिना होता. अर्ध्या तासानं बाल्कनीत जाऊन, माझ्याकडं पाठ करून, ते आपल्या तांब्यातलं पाणी गटागटा प्यायले. सासूबाईंनी नंतर त्यांना काय सुनावलं मला ठाऊक नाही, पण पुढच्या खेपेपासून ते माझ्या हातचं सगळं खायला लागले. एकदाही नाही म्हणाले नाहीत. मी मात्र तो पेला विसरले नव्हते. मी मोठ्या मनाची बाई नाही, आणि तसं दाखवायचा मला कंटाळा येतो.

सासूबाई गेल्यावर आप्पांचं जेवण सुटलं. त्यांची एक जुनी रीत होती: भाकरीची टोपली त्यांच्या उजव्या हाताला ठेवायची, भाकरी ते स्वतः मोडून घेणार. भाजी, आमटी आपण वाढायची. आधी ते दोन भाकरी खायचे म्हणे. आता अर्धीवर आले. मी शेपू केला, हुलग्याचं माडगं केलं, सासूबाईंच्या डब्यातली शेंगाचटणी काढली. ती चटणी तर त्यांनी बघितली आणि डबा स्वतःच झाकून परत फळीवर ठेवला. तिच्या हातची शेवटची होती, ती संपवायची नव्हती. हे मला तेव्हा कळलं, निदान हे तरी कळलं.

आणखी एक रीत. जेवण झालं की आप्पा ताटात पाणी ओतायचे, बोटांनी ताट निपटायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. ताटात पडलं तो प्रसाद, त्याचा कण वाया घालवायचा नाही. गावातली त्यांच्या वयाची बरीच माणसं असंच करतात. ताट इतकं स्वच्छ व्हायचं की घासायला टाकताना मला अपराधी वाटायचं.

तर असाच एक दिवस, भाजीला काही नव्हतं. परसात टोमॅटोची चार झाडं सासूबाईंनी लावलेली, ती लगडून गेली होती. मला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनची आठवण झाली. तिथं दर शुक्रवारी मक्याच्या चिप्सबरोबर सालसा मिळायचा आणि तिथल्या आचाऱ्याला चार वेळा विचारून मी तो शिकले होते. तसा सोपा. टोमॅटो हरभऱ्याएवढा बारीक चिरायचा, कांदा त्याहून बारीक, मिरची जवळजवळ दिसू नये अशी. कोथिंबीर देठासकट. मीठ, लिंबू, आणि मग दहा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं, म्हणजे सगळं एकमेकांत मुरतं. एकच गोष्ट आचारी बजावून सांगायचा: टोमॅटोच्या बिया आणि गर आधी काढून टाका, नाहीतर पाणी सुटतं. पण ज्या घरात माणूस ताट धुऊन पितो तिथं अर्धा टोमॅटो खरकट्यात टाकायला माझा हात होईना. मी बिया, गर, सगळं तसंच ठेवलं. मीठ पडल्यावर वाटीत टोमॅटो कमी आणि पाणी जास्त झालं.

पूजा झाली. तळहातावरचं लिंग आप्पांनी परत वस्त्रात बांधून गळ्यात घातलं आणि पाटावर बसले. मी वाटी ताटात ओतली. लाल पाणी ताटभर पसरलं, थेट काठापर्यंत गेलं. आप्पांनी एक घास घेतला, थांबले, माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणायचं ह्येला?"

"सालसा."

"बरं," म्हणाले, आणि खाली मान घालून खायला लागले. अर्धी भाकरी संपली. त्यांचा हात टोपलीकडं गेला. आणखी अर्धी घेतली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ती संपली, पुन्हा हात टोपलीकडं. दीड भाकरी! ताट पुसून लखलखीत, मग पाणी ओतून प्यायले आणि उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला फोन लावला. "आप्पांनी दीड भाकरी खाल्ली," मी म्हणाले, आणि पलीकडं तो कारखान्याच्या गलक्यात रडायला लागला.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, जिंकले. ज्या माणसानं माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, तो माझ्या हातच्या कच्च्या टोमॅटोवर जगायला लागला. सोलापूरच्या नणंदेचा फोन आला, "वैनी, तू देवासारखी धावलीस." शेजारच्या अक्का वाटी बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सालसा केला. तिसऱ्या दिवशीही. पुढं मोजायचं सोडून दिलं.

अडकणं एकदम होत नाही. रोज अकराला दहा कमी असताना होतं, म्हणून कळत नाही. महिना झाला तेव्हा मी म्हटलं, आता निघते, तर नवरा म्हणाला, "आत्ता कुठं जेवायला लागलेत गं." वैशाखात माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस पुण्याला गेले. आप्पांचं जेवण अक्कांकडं सोपवलं होतं. परत आले तर अक्का दारातच म्हणाल्या, "तू नव्हतीस, अर्धीच भाकरी खाल्ले बघ दोनी दिवस. तुज्या हातचीच सवय लागली त्यास्नी." मी वरवर बिचारीसारखं तोंड केलं आणि आतून फुलले. मग रात्र सरली, सकाळ झाली, अकराला दहा कमी झाले, आणि पाटावर बसताना माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यावर फुलतेय तेच माझ्या पायात बेडीसारखं घातलेलं आहे.

दिवस कसे जायचे? सकाळी पाणी भरणं, भाकरी, पूजेची तयारी, टोमॅटो, मीटिंग, कागदपत्रं. पुण्यात माझी एक खुर्ची होती, फिरती, खिडकीपाशी, तिच्यावर माझं लोकरीचं जॅकेट असायचं कारण एसी फार लागायचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली घामानं भिजून बसलेली असताना मला त्या जॅकेटची आठवण यायची. त्या दिवसांत दुपारी आप्पा खिडकीबाहेर कडुलिंबाखाली बाजेवर पडायचे. मी नवऱ्याशी फोनवर भांडायचे तेही त्याच खिडकीत, कारण आवाज दुसरीकडून जातच नव्हता. "मला इथं काही काम नाही," मी ओरडायचे. "एक वाटी टोमॅटो चिरायला एक बाई ठेवलीय तुम्ही. आप्पा जेवतात म्हणून मी इथं आहे, नाहीतर एक दिवस थांबले नसते." नवरा गप्प बसायचा. गप्प बसण्यात तो वस्ताद आहे. मी फोन ठेवायचे आणि बाजेवरचं माणूस झोपलेलं असायचं, किंवा मला तसं वाटायचं.

एक गंमत सांगते. आप्पा आणि मी आठ महिने एका घरात राहिलो, पण सालसा सोडला तर आमच्यात बोलणं नव्हतं. "झालं?" "झालं." "लाईट गेली." "येईल." ऊन कमी झाल्यावर ते दुपारभर देवळाच्या पारावर जायचे, संध्याकाळी यायचे. मी मनात म्हणायचे, एवढा जीव लावलाय माझ्या वाटीवर, तर दोन शब्द बोलायला काय होतं? पण त्या पिढीतल्या पुरुषांची माया ताटातूनच दिसते असं आपण सगळ्या जणी मानत आलेल्या आहोत. मीही मानलं.

दिवाळी आठवड्यावर आली आणि ऑफिसचं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं, घरून काम बंद. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवावं, म्हणजे काय करावं ते गोड शब्दांत लिहिलं होतं. साहेबांचा वेगळा फोन आला. "तुमचं नाव मी टीमच्या प्रमुखपदासाठी दिलंय. या फक्त." बारा वर्षं मी त्या जागेची वाट बघत होते. लग्नाच्या आधीपासून. मी खिडकीत उभी राहून हो हो म्हणत होते आणि नजर परसातल्या टोमॅटोवर होती. सासूबाईंची ती झाडं कधीच वाळली होती, पण मी बिया टाकून पुन्हा नवी लावली होती. माझ्याच हातांनी.

नवरा शनिवारी आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य म्हणजे आमच्या घरातला नकार. मी म्हटलं, ठीक आहे, अक्कांना शिकवते. सालसाच तर आहे. रविवारी सकाळी अक्का हात धुऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. बाईचा हात भारी. माझ्यापेक्षा बारीक चिरलं त्यांनी. मी चव बघितली, माझ्याहून चांगला झाला होता. आप्पा पाटावर बसले. अक्का वाटी घेऊन वाकल्या, आणि आप्पांनी ताटावर आडवा हात धरला.

"साकु," ते म्हणाले. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत तोंडात कानडी असतं. साकु म्हणजे बास.

"थोडं तरी घ्या की आप्पा," अक्का म्हणाल्या. "तसंच केलंय."

"साकु, साकु."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी माझी वाटी आणली. आप्पांनी हात बाजूला घेतला. मी वाढलं, त्यांनी खाल्लं. सव्वा भाकरी, ताट लख्ख. अक्कांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, "भाग्याची हाईस पोरी. असा सासरा कुनाला भेटतो?" मला त्यांच्या हातावर चापट मारावीशी वाटली.

नवरा संध्याकाळी परत गेला. सोमवारी सकाळी मी राजीनामा लिहायला घेतला. चार ओळींचा मजकूर, पण तासभर लागला. "कौटुंबिक जबाबदारीमुळे" असं लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? "सासरे माझ्याच हातचा सालसा खातात म्हणून" असं लिहिलं असतं तर खरं झालं असतं. अकराच्या मीटिंगनंतर पाठवायचं ठरवून मी तो तसाच उघडा ठेवला आणि टोमॅटो चिरले. कोथिंबीर संपली होती. अक्कांच्या वाफ्यात असते म्हणून मागच्या दारानं त्यांच्याकडं गेले.

अक्का विरजण हलवत होत्या. कोथिंबीर तोडता तोडता त्या सहज म्हणाल्या, "आप्पास्नी सांग, आज दही लवकर न्या. दुपारी म्या घरी न्हाय."

"कसलं दही?"

"रोज घेतेत की वाटीभर. जेवण झालं की पाराकडं जाता जाता हितंच उभ्यानं खातेत." त्यांनी वर बघितलं. "त्यांचं तोंड आलंय न्हवं? दोन म्हैने झाले. जिभंला आग लागती म्हणायलते. तुला ठाव न्हाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी कोथिंबीर हातात धरून उभी राहिले. अक्कांना वाटलं मला वाईट वाटलंय, म्हणून त्यांनी घाईघाईनं एका वाटीत दही भरून दिलं. "घिऊन जा. त्येबी काय, बापय मानूस, सुनंला कुठं तोंड दाखवणार?"

मी घरी आले. सालसा तयार होता, फक्त कोथिंबीर घालायची होती. मी घातली नाही. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली होती, कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी आवाज बंद केला, दह्याची वाटी घेतली आणि बाहेरच्या खोलीत गेले. आप्पा पाटावर बसलेले, समोर कोरं ताट. मी त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. अशी मी त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते.

"आप्पा, तोंड उघडा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना नाचायला सांगितलं.

"उघडा म्हणतेय ना."

शाळेतल्या बाईसारखा माझा आवाज लागला होता. आप्पांनी तोंड उघडलं. जिभेच्या दोन्ही कडा लालभडक, गालाच्या आत पांढरे फोड. त्याच्यावर मी रोज लिंबू, मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या ओतत होते.

"मिटा," मी म्हणाले. "तुम्हाला तो सालसा आवडत नाही."

ते ताटाकडं बघत म्हणाले, "न्हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं."

मला आधी हसूच आलं. खरंच आलं, मोठ्यानं आलं. "मग दीड भाकरी?"

"त्ये पानी कशानं पुसायचं मग?" आप्पा जरा चिडूनच म्हणाले. "ताटभर पानी. भाकर लागंल न्हाय तर काय?"

"अक्कांना साकु म्हणालात. मला का नाही म्हणालात?"

"तिला म्हणता येतंय." ते थांबले. बोलण्यासाठी त्यांना शब्द लांबून आणावे लागत होते, आणि तोंड दुखत होतं हेही आता मला दिसत होतं. "त्या टायमाला पुन्याहून घरी आलो न्हवं, तवा तुज्या सासूनं मला आठ दिस धारेवर धरलं. म्हणाली, पोरीनं पानी दिलं, तुमी न्हाय म्हणला. आता ह्येच्या म्होरं तिच्या हातच्याला न्हाय म्हणला, तर म्या तुमच्या ताटाला हात लावनार न्हाय. तवापासनं न्हाय म्हणलो न्हाय. तुला साकु म्हणलो असतो तर तू काय म्हणली असतीस? म्हाताऱ्याचं आजून त्येच चाललंय."

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते, आणि नवऱ्याला फोन करून आठवडाभर सुनावलं असतं. त्या एका पेल्यावर आम्ही दोघं इतकी वर्षं बसून होतो. मी त्याच्या रागावर, ते त्याच्या लाजेवर. ते खात होते म्हणून मी करत होते, मी वाढत होते म्हणून ते खात होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी खोलीत कांदा नव्हता. मी मनात म्हणाले, बिचारा माणूस. मी मनात म्हणाले, सुटलो दोघंही.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चौकशा करायची सवय आहे, कामच ते आहे माझं, कागदात न बसणारी गोष्ट शोधायची.

"पण आप्पा, मी इथं कशासाठी राहिले तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय. त्या खिडकीतनं आयकू येतंय सगळं."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात. तू त्येला म्हणायलतीस, आप्पा जेवतेत म्हणून हितं हाय, न्हायतर एक दिस थांबली नसते." त्यांनी बोटानं कोऱ्या ताटाच्या काठावरून एक फेरी मारली. "तवर परसाद म्हणून खाल्लं. त्येच्या म्होरं मुद्दाम खाल्लं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"आणि काल? अक्कांच्या वाटीला?"

"त्येबी." मग हळूच, "तिचं चांगलं झालं असंल. पर तिचं खाल्लं असतं तर तू गेली असतीस."

"माझी नोकरी जातेय, हेही माहीत होतं?"

"ठाव हाय."

"मी विचारलं नसतं तर सांगितलं असतं?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

मी उठले. मला इतका राग कुणाचा कधी आला नव्हता, त्या पेल्याच्या वेळीही नाही. स्वयंपाकघरात गेले, लॅपटॉप पुढं ओढला. राजीनाम्याच्या चार ओळी पुसल्या आणि त्याच जागी लिहिलं की एक तारखेला हजर होते, प्रमुखपद मला हवं आहे. पाठवून दिलं. मग सालशाची वाटी उचलली आणि सगळीच्या सगळी खरकट्याच्या बादलीत ओतली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात मी अन्न टाकलं. मग मला आठवलं की बाहेर माणूस उपाशी बसलाय.

फळीवरच्या कडक भाकरी काढल्या, त्या चुरल्या, बाहेर नेऊन ताटात घातल्या. दह्याची वाटी ताटाशेजारी ठेवली. "एक तारखेला मी जातेय," मी म्हणाले. "कळवलंय तसं. दुपारी फोन करते, तुमचा मुलगा आणि मुलगी मिळून काय ती व्यवस्था करतील. अक्का आहेतच."

"बरं."

त्या बरंनं मी परत पेटले. "आप्पा, घर खायला उठत होतं, तर तसं सांगायचं. तोंडाचं हे करून घेण्यापेक्षा एकदा राहा म्हणायचं होतं. सरळ. एक शब्द होता."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. डोळे कोरडे होते, उलट जरा उत्सुक होते, जणू त्यांनाही हे बरेच दिवस विचारायचं होतं.

"ऱ्हा म्हणलो असतो," ते म्हणाले, "तर ऱ्हायली असतीस व्हय?"

माझ्याकडं चांगली उत्तरं पुष्कळ होती. विचार केला असता, काहीतरी मार्ग काढला असता, आपण बोललो असतो. ती सगळी माझ्या तोंडापर्यंत आली.

"नाही," मी म्हणाले.

"त्येच की," आप्पा म्हणाले, आणि दह्याची वाटी ताटात उपडी करून जेवायला लागले.